दोन बटणं

प्रश्न नववा : 'या विषयाकडे आपण कशा वळलात?
शंभर शब्दांत लिहा.'

शंभर म्हणजे किती ते मला ठाऊक आहे.
अण्णांना हजार वायसरमागं मजुरी होती,
तेव्हापासून घरात सगळं मोजूनच.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, लेथांच्या दोन रांगांमागं,
तो प्रेस अजून चालतो.
त्याला दोन बटणं, हातभर अंतरावर.
दोन्ही तळव्यांनी दाबली तरच वरचा ठोकळा खाली येणार,
म्हणजे हात आत सापडायचा प्रश्नच नाही.
ज्यानं हे काढलं तो माणूस शहाणा होता.
त्याला फक्त हजाराचा भाव ठाऊक नव्हता.

डाव्या बटणात आगपेटीची काडी खोचली की
एक हात मोकळा राहतो
आणि पाळीत चारशे नग जास्त निघतात.

कुणी खोचली, हे मी विचारत नाही.
माझ्या प्रश्नावलीत नावाला रकाना नाही.
वेळ विचारते. वार विचारते.
शनिवार, पगाराआधीचा तास, असं पुष्कळदा येतं.
मालकाच्या वहीत मात्र पानोपानी एकच शब्द.
भूपाल चौगुले, डावा अंगठा : किरकोळ.

"कागदावर काय बी लिवू नगंस पोरी,"
शेजारच्या मशीनवरचे रसूलमामा म्हणाले,
"काम जाईल माझं."
आणि हात खिशात घातला.
तोवर मी पाहिला होता.

बरं होणं हा अर्जाचा दुसरा भाग.
त्यावर माझं काम आधीच झालंय, म्हटलं तर.
नववीत होते. ताटात हरभरे ओतायचे,
अण्णांनी डाव्या हाताच्या चार बोटांनी
एकेक वेचायचा, मी घड्याळ धरायचं.
पहिल्या दिवशी मिनिटाला तीन.
आई संध्याकाळी त्यांचीच उसळ करायची
आणि अण्णा म्हणायचे, खावा, माझी मजुरी हाय.

हे शंभर शब्दांत बसेना.
मी लिहिलं, 'हाताच्या औद्योगिक दुखापती :
प्रतिबंध व पुनर्वसन. स्थानिक गरज.'

शिष्यवृत्ती मिळाली.
दोन वर्षं, महिना चौदा हजार,
शिवाय एक बंधपत्र,
त्यावर पालकाच्या डाव्या अंगठ्याचा ठसा.

क्लार्कनं शाईची डबी पुढं सरकवली,
मग वर पाहिलं.
नियम चाळले, चष्मा पुसला, पुन्हा चाळले.
शेवटी उजवा घेतला आणि शेजारी
सुवाच्य अक्षरात लिहिलं :
'डावा अंगठा नसल्याने.'
खाली तारीख, सही, शिक्का.

मी तो कागद जरा जास्तच वेळ बघत राहिले.

अण्णा शाई केसांना पुसत जिना उतरले.
"चौदा हजारात भागंल तुझं?"
मग खालच्या पायरीवर थांबून,
"त्या काडीचं लिवणार हाईस?"

म्हटलं, लिहिणार. नाव नाही घालणार.

"घाल की," ते म्हणाले.
"आगपेटी आपल्याच चुलीवरची हुती."