डोक्यावर हात

दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही.
म्हसरूळला, दिंडोरी रोडवर, खाली पिठाची गिरणी.
लोक विचारतात, मॅडम, गुडघ्याची माणसं वर यायची कशी?
खरं सांगते, भाडं कमी होतं.
पण ह्या सतरा पायऱ्यांनी मला जे शिकवलं
ते कॉलेजात नव्हतं.
पाऊल, पुढच्या पायरीवर पाऊल: ठीक.
एकाच पायरीवर दोन पावलं
आणि कठड्यावर बांगडीचा घासटा:
फाइल उघडायच्या आधीच गुडघा कळलेला.
चढताना तो कुरकुरतो. उतरताना खरं बोलतो.

कुठं दुखतं, विचारते,
पण उत्तर ऐकत नाही, हात बघते.
एकच बोट नेमकं टेकलं, तर घर जवळ आहे.
सगळा तळवा फिरला खांद्यावरून कोपराकडे,
तर दुखणं इथं पाव्हणं आलंय.

पुंडलिक तांबट, वय बहात्तर.
हात कडेनं वर न्यायला लावला
तर अर्ध्या वाटेत डोळे मिटले,
आणि कानाच्या वर गेल्यावर उघडले.
माझी रबराची हातोडी बघून हसले,
ह्यानं काय वाजणार?
मग म्हणाले, हंड्याचा पोचा आधी कानाला कळतो.
बद्द वाजलं की वरून मठारायचं नाही,
आतून आधार द्यायचा.
मी ते त्यांच्याच केसपेपरवर लिहून ठेवलं.

सकाळी आखडतं, ते किती वेळ?
चहा होईपर्यंत, म्हणाली तर झिजेचं.
ऊन ओट्यावर येईपर्यंत मूठ मिटत नसेल
तर रक्त तपासायला पाठवायचं.
आणि कंबर धरून आलेल्याला
नजर न चुकवता विचारायचं, लघवी कळते ना?
पोटे ड्रायव्हरनं नुसती मान हलवली, नाही म्हणून.
मी तसाच त्याला रिक्षात घातला, सिव्हिलला.

यमुना भोये आली ती द्राक्षांच्या डिपिंगमध्ये.
सुरगाण्याकडची टोळी, मोहाडीची बाग,
दिवसभर हात वर आणि मान मागे.
मुकादमाचं निदान तयार होतं: खांदा गेला हिचा.
मी खांदा फिरवला. सगळीकडे फिरला,
पाठीमागे ब्लाउजच्या हुकापर्यंत.
एकदाही ओठ आवळले नाहीत.
मग बरं कधी वाटतं?
तिनं सासूकडे बघितलं.
सासू जणू वाटच बघत होती:
डोक्यावर हात ठेवून बसते हो ही,
निजते पण तशीच.
किती सांगितलं, अवदसा येते घरात.

माझं पेन थांबलं.
दाखव बरं, कशी बसतेस.
भीत भीत तिनं तळवा भांगावर ठेवला,
आणि अंगठ्यातल्या, तर्जनीतल्या मुंग्या गेल्या असणार,
कारण चेहरा हळूहळू सैल झाला.

खांदा नव्हताच. मान होती.
मणक्यांच्या फटीत दबलेली एक नस,
हात वर गेला की तिला तेवढीच जागा.
पुस्तकात ह्या खुणेला नाव आहे.
हिनं ती बिननावाची शोधली होती,
रोज बोलणी खात.

सासूला सांगताना मला शब्द सापडेनात.
अवदसा नाही हो, तिला तेवढा आराम पडतो.
ती विचारात पडली.
मग म्हणाली, बसू दे.
पण तिन्हीसांजेला नको.
एवढ्यावर मिटलं.

दोघी निघाल्या. मी पुढची फाइल ओढली
आणि सवयीनं कान जिन्याकडे गेले.
यमुनाची पावलं हलकी, एकामागून एक.
तिच्या मागे
एकेका पायरीवर दोनदा,
दोनदा,
कठड्यावर घासटा.
हिला कुणी विचारलंच नव्हतं.
मी धावत जाऊन हाक मारली, मावशी,
पण खाली गिरणी सुरू झाली होती.