विनंती अर्ज

अर्ज मराठीत चालणार नाही, म्हणाला
बीईओ ऑफिसातला क्लार्क, मराठीतच.
वर बघितलंही नाही. चहाची बशी तेवढी
माझ्या कागदावर ठेवली.

रात्री सेकंड शिफ्टवरून आलो
आणि लेकीला म्हणालो, सुकन्या, तूच लिही की:
माझी मुलगी, इयत्ता सहावी, सरकारी मराठी शाळा, येळ्ळूर,
हिला कानडीच्या तासाला बसवू नये.
बापाची हरकत आहे.
हरकतीला कानडीत काय म्हणतात
ते तिनं विचारलं नाही. येत होतं.

मला कानडी येत नाही असं नाही.
उद्यमबागच्या फाउंड्रीत
भट्टीवरच्या बसवण्णेप्पाशी मी कानडीत भांडतो,
त्याच्या पोराच्या बारशाला
पोटभर जेवलोय कानडीत.
ती माझ्या तोंडात आहे, डोळ्यांत नाही.
बस मी नंबरावरून ओळखतो.
आणि शेताचा उतारा, ज्यात बापाचं नाव आहे म्हणतात,
देवाच्या फोटोमागं ठेवलाय,
उलटा की सुलटा ठाऊक नाही.

आज्जा एकवीस दिवस हिंडलग्याच्या जेलात होता.
त्याचा फोटो नाही घरात. एक पितळी तांब्या आहे,
जेलातनं सुटल्यावर पहिलं पाणी त्यातनं प्याला
असं आई सांगते.
हरकत त्या तांब्याची आहे.
मी नुसता सही करणारा.

सुकन्या लिहीत होती, मान न उचलता.
माझ्या चार ओळींचं
तिनं पान भरलं, मग पान उलटलं.
मी एवढं कुठं सांगितलं होतं?
"कानडीत लांब होतं पप्पा," म्हणाली.

खाली सही केली, लुमाण्णा मोनाप्पा कुगजी.
त्या गोल अक्षरांखाली माझं नाव
चुकून दुसऱ्याच्या लग्नात आलेल्या
पाहुण्यासारखं उभं.

क्लार्कनं वाचलं. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं.
शेजारच्या टेबलावरच्या बाईला दिलं,
ती हसली, वाईट नव्हे,
आपल्याच पोरीकडं बघून हसतात तसं.
यारु बरदिद्दु, त्यानं विचारलं.
नन्न मगळु, म्हणालो मी,
आणि आवाज जरा मोठाच झाला.

शिक्का पडला. कशावर पडला देव जाणे.
पोच मिळाली, तीही कानडीत.

आज मंगळवार. तिसरा तास.
शेडमधून शाळा दिसत नाही.
पोच खिशात घामानं मऊ झालीय.
बसवण्णेप्पा वाचून दाखवेल, म्हटलं तर.

अजून म्हटलेलं नाही.