पहिली तीन अक्षरं

आजोबा सामना बघत नाहीत.
पूर्वेच्या स्टँडखाली एक खोली आहे,
चुन्याच्या गोण्या, फाटक्या जाळ्या, एक मोडका स्ट्रेचर.
तिथे ते बसतात, गुडघ्यांत कप दाबून,
न्हाव्याने अवखळ पोराचं डोकं धरावं तसा.
मी दिवा धरते.
माझा हात थरथरत नाही,
म्हणून या वर्षी मला आणलंय, भावाला नाही.

जून. उरुग्वे नदीवरचा गारठा
विटांच्या फटींतून आत येतो
आणि चांदीला हात लावला की बोटं चिकटतात.

गोदीवाल्यांचा क्लब एस्तिबादोरेस.
रेल्वेवाल्यांचा एस्तासिओन.
गोदीवाले आगगाडीत पाय ठेवत नाहीत,
राजधानीला बसने जातात, तीन तास जास्त लागले तरी.
रेल्वेवाले नदीतला मासा खात नाहीत,
निदान चारचौघांत तरी.
आमच्या गावात लग्न ठरवताना
हुंडा नाही विचारत, रविवारी कुठे बसता ते विचारतात.

आणि तरी, आजोबा म्हणतात, नावं ठेवणारे मूर्ख बघ,
दोघांनाही तीच सुरुवात सुचली.
मध्यंतराच्या आधीच ते कोरणी लावतात:
ए. एसे. ते.
चांदीचा बारीक वेटोळा निघतो,
तो काडेपेटीत.
मग कोरणी खाली.
मग वाट बघणं.

छत आमचा रेडिओ.
आमच्या डोक्यावर गोदीवाले बसतात.
त्यांचा गोल झाला की हजारो टाचा आपटतात,
आजोबांच्या टकलावर चुना पडतो.
रेल्वेवाल्यांचा झाला
की काहीच नाही.
लांब, मैदानापलीकडे, कुणी कढईत पाणी ओतावं
एवढाच आवाज.

एकदा चुना. एकदा काहीच नाही.
एक-एक.

मी कपावरची जुनी नावं बोटाने वाचत जाते.
खालून चौथी ओळ: एस्तिबादोरेस. त्यातला 'बे' जरा कलता.
कोरणी बोथट होती, आजोबा म्हणतात.
आई वेगळं सांगते.
त्या वर्षी एस्तासिओनच्या गोलात आन्सेल्मो होता,
आजोबांचा धाकटा भाऊ.
साधा चेंडू, पोरीनेही अडवला असता,
त्याच्या दोन पायांमधून गेला.
तो त्याच आठवड्यात नदी ओलांडून गेला.
एक कार्ड आलं, वर पत्ता नव्हता.

अठ्ठ्याऐंशीवं मिनिट. चुना! चुनाच चुना,
दिव्याच्या उजेडात बर्फासारखा.
संघटनेचा कारकून ओलेगारिओ पिंतोस धावत आत:
"कोरा! 'ई' कोरा! वर राज्यपाल थांबलेत!"
आजोबांनी टोपीने कप झाकला.
"शिट्टी झाली?"
"झाल्यातच जमा."
"मग झाल्यावर ये."

तो दारातच उभा राहिला, घड्याळ चावत असल्यासारखा.
आणि मग वरचा सगळा आवाज
कुणी दार लावून घ्यावं तसा बंद झाला.
थोड्या वेळाने पुन्हा तसाच.
आणि त्यानंतर शिट्टी, तीनदा.

"नेलिदा, काय ऐकू येतंय?"
"काहीच नाही."
"मग 'आ'."

दिवा जवळ घे, म्हणाले. घेतला.
भावासाठी जे नाव कोरता आलं नव्हतं
ते त्यांनी घाईत नाही कोरलं.
पिंतोस ओरडत होता. राज्यपालांना थंडी वाजत होती.
शेवटचं अक्षर बाकी होतं तेव्हा
गोदीवाल्यांचा कप्तान आत आला, लिसांद्रो,
डोळ्यावर चिखल, एका पायात बूट.
वाट चुकला असावा. किंवा नसेल.
वाकला, अंगठा ठेवला पहिल्या तीन अक्षरांवर.
"इथपर्यंत आमचं होतं," म्हणाला.
आजोबांनी त्याचा अंगठा बाजूला केला,
बाहीने चिखलाचा ठसा पुसला.
"चांदी आहे," म्हणाले. "डाग धरते."
आणि त्याला बसायला गोणी पुढे सरकवली.

तो बसला. वर लोक खुर्च्या मोडत होते.
काडेपेटी माझ्या खिशात आहे.
हलवली तर वाजत नाही.