सव्वापाच

पहिल्या दिवशी नेहमीसारखा
मोठा कागद भिंतीवर चिकटवला.
भिंत ओलसर. दोनदा सुटला.
तिसऱ्यांदा बाद्री उठला, न विचारता
चार कोपऱ्यांत चार खिळे ठोकून मोकळा झाला.
हातोडी त्याच्या पिशवीतच होती,
खाण बंद होऊन सात महिने झाले तरी.

चिआतुरा. बालवाडीची खोली.
पोरांच्या खुर्च्यांवर अकरा थोराड माणसं,
गुडघे छातीला टेकलेले,
नखांच्या कडेला अजून मँगनीज.

मी म्हणाले, आपण मिळून नियम ठरवू.
कोणी हललं नाही.
मग त्सियाला, बावीस वर्षं वजनकाट्यावर बसलेली बाई:
"नियम तुम्ही आणलेच असतील की."
होते. पिशवीत, टाइप केलेले, सात.
मी ते बाहेर काढले नाहीत.

वेळेवर यायचं.
"उशीर व्हायला कामं कुठायत?" कोणीतरी मागून.
मध्ये बोलायचं नाही.
ओतार म्हणाला, वाइन समोर असली की जमतं आम्हाला,
नुसत्या चहावर सांगता येत नाही.
इथलं इथेच राहील.
यावर मात्र कोणी हसलं नाही.
त्सियाला म्हणाली, या दरीत
अलीकडे शिंकलं की पलीकडून
'शंभर वर्षं जग' ऐकू येतं.
तरी लिहा.

फोन बंद.

तेव्हा गोदेर्जी उभा राहिला,
तोवर चकार शब्द न काढलेला.
"बायको बारीला असते. इटलीत.
एका म्हातारीला सांभाळते.
म्हातारी जेवून झोपली की तिला अर्धा तास मिळतो.
आपल्याकडे तेव्हा सव्वापाच.
वाजला तर मी उचलणार."
बसला. खुर्ची करकरली.

मला शिकवलं होतं,
एक अपवाद केला की मागे रांग लागते.
माझा हात कागदापाशी थबकला.
त्सियालाने मार्कर काढून घेतला
आणि पुढे लिहिलं: बारी सोडून.

रांग लागली नाही.
दर मंगळवारी फोन वाजे,
गोदेर्जी बाहेर जाई,
ससा, बदक, अस्वल चिकटवलेल्या
खुंट्यांखाली उभा राहून बोले,
परत येई. कोणी वर पाहत नसे.

पाचव्या मंगळवारी सव्वापाच झाले.
ओतार कर्जाच्या हप्त्यांवर बोलत होता,
बोलता बोलता थांबला.
पाच वीस.
थांबायचं असं कुठे लिहिलेलं नव्हतं.
पाच सव्वीस. घड्याळ सांभाळायचं काम माझं,
मी घड्याळाकडेच बघत होते, पण वेगळ्या कारणाने.

वाजला. बाहेर जायचं तो विसरला.
"आज हातच सोडेना म्हातारी," पलीकडून आवाज,
सगळ्यांना ऐकू येईल इतका.
"आणि तुम्ही लोक करता काय रे तिथे दर मंगळवारी?"

गोदेर्जीने भिंतीकडे पाहिलं.
"नाही सांगता येणार," म्हणाला. "इथलं इथेच."
ती हसली, किंवा लाइन खरखरली.

शेवटच्या दिवशी कागद मी गुंडाळून आणला.
घरी येऊन ताडून पाहिलं:
माझ्या सातांपैकी चार तेच होते.
इतक्यासाठी पाच तासांचा घाट, असं वाटलं क्षणभर.

खिळे बाद्रीने काढले नाहीत.
वरच्या दोघांवर, ऐकते,
बाई आता पोरांच्या टोप्या अडकवतात.
खालचे दोन पोरांच्या डोक्याला लागतील म्हणून
कोणीतरी ठोकून आत बसवलेत.