सराव

सकाळी खिडकीची काच थरथरते.
देवळालीच्या रेंजवर तोफा सुरू झाल्या.
भगूरमध्ये कुणी मान वर करत नाही.
आई दुधावर लक्ष ठेवून.

गुलमर्गला मीही मान वर केली नव्हती.
टाचा बाहेर, अंगठे आत,
स्कीवर थांबायला शिकत होते कशीबशी,
तेव्हा डोंगरापलीकडे काहीतरी गडगडलं.
बाकीचे मटकन खाली बसले.
इश्फाक म्हणाला, बर्फ पाडतायत, मुद्दाम.
मग माझ्याकडे बघून :
तुम्ही नाही दचकलात?

म्हटलं, आमच्याकडे आठवडाभर वाजतात.
नुसता सराव असतो.

हातमोजा काढून तो मनुका खात होता,
मामाच्या बागेतल्या, मीच नेलेल्या.
एक दाणा चिमटीत तसाच राहिला.
सराव कशासाठी? त्याने विचारलं.
साधंच. वेळ विचारावी तसं.

उतार समोर, निळसर, कोरा.
मी टाचा आत घेतल्या
आणि घसरत गेले
थेट खालच्या तारांपर्यंत,
जिथे एक जवान चहा पीत उभा होता.
तोही नाशिकरोडचा निघाला.

आज पारा पाचवर.
लहवितच्या बागांत शेकोट्यांचा धूर,
पाटाकडेच्या गवतावर दहिवर गोठलंय.
नखाने खरवडून जिभेवर ठेवते.

काच पुन्हा थरथरते.
हल्ली मी मोजते.