हातचा

लिफ्टच्या दोराला बारापट जोर धरतो आम्ही.
आठ माणसं चढणार असतील
तर शंभरांच्या वजनाला तुटू नये असा.
लोकांना भीती दोराची.
सव्वीस वर्षं तपासतोय, तुटलेला दोर
एकदाही पाहिला नाही.
दारं मात्र बोटं खातात.

हे अन्वर तांबोळीला सांगत होतो, जिना चढताना.
त्याच्या कर्वेनगरच्या इमारतीत लिफ्ट आहे,
पण आत चिकटवलेल्या परवान्याची तारीख
मार्चमध्येच उलटली.
म्हणून चार मजले पायी.
"पोकर खेळायला येतोस आणि लिफ्टला घाबरतोस?"
घाबरत नाही, म्हटलं. वाचतो.

महिन्याचा दुसरा शनिवार. बाराजण, दोन टेबलं,
पाचशे रुपये प्रवेश.
साडेआठ म्हणजे साडेआठ.

घरी बाकरवडीच्या रिकाम्या डब्यात पंचवीस हजार.
एका रात्री त्याचा पन्नासावा भाग, जास्त नाही.
डबा पंधरावर आला की खेळ बंद, दिवाळीपर्यंत.
हा नियम वृंदाचा नाही, माझा.
तिचं म्हणणं एवढंच, की नोटांना
तेलाचा वास येतो, डबा एकदा धुऊन घे.

वहीच्या पहिल्या पानावर वर्षाचं उद्दिष्ट:
बारा स्पर्धा. प्रत्येकीत तीनहून कमी चुका.
जिंकायचं, असं कुठेच लिहिलेलं नाही.
हेरंब हसला होता वाचून.
त्याच्या फोनवर उद्दिष्ट आहे: गोवा,
आणि एका आकड्यापुढे सहा शून्यं.
आजही पहिल्याच तासात बाहेर पडला,
चौकटची नव्वी-अठ्ठी धरून,
"आतून वाटलं" म्हणून.
आता सगळ्यांसाठी चहा टाकतोय.

पावणेएकला चौघे उरलो. पैसे तिघांना.
अन्वरपुढे ठोकळे इतके थोडे
की तो मोजत नव्हता, नुसता तळव्याखाली झाकत होता.
मी पानं टाकत बसलो असतो
तर बहुतेक तोच आधी उठला असता
आणि मला हजार रुपये.
तेवढ्यात राण्या आल्या.
बदाम आणि इस्पिक.

गोळेबाई बेरीज शिकवताना म्हणायच्या,
हातचा विसरू नका रे, डोक्यावर लिहा.
जन्मभर लिहीत आलो.
एक हातचा बँकेत, एक हातचा बोलण्यात,
वृंदाशी भांडतानाही एक वाक्य राखून.
पण तो पुढच्या घरात मिळवायचाही असतो,
हे बाई सांगायच्या की नाही
आठवत नाही.

सगळे ठोकळे पुढे सरकवले.

फिरोजाने कानातलं डूल एकदा फिरवलं.
कॅम्पात दात काढते ती; दुखत नाही म्हणतात.
एक्का-सत्ती उलटी केली.
दहात सात वेळा माझं.
उरलेल्या तीन वेळांनाही
कुठेतरी राहायला जागा लागतेच,
आज त्या इथे मुक्कामाला.
पाचवं पान, किल्वरचा एक्का.

वहीत लिहिलं: चौथा. चुका एक,
दुसऱ्या तासात गुलामांवर रेंगाळलो ती.
राण्यांच्या ओळीपुढे: बरोबर.
मागचं पान उलटलं नाही.
तिथे जानेवारी आहे.
पहिला. चुका सात.
त्या रात्री पेढे नेले होते घरी,
वृंदाला सातचं काही बोललो नव्हतो,
आणि पेढे चांगले होते.

एक वाजून गेलेला. गुडघे ठणकत होते,
जिन्यातला दिवा कोणीतरी घालवलेला.
लिफ्ट चौथ्यावरच उभी होती.
परवाना पुन्हा वाचला. तारीख तीच.
दोराला बारापट, स्वतःशीच म्हटलं,
बोटं आत घेतली
आणि तळमजल्याचं बटण दाबलं.

हे वहीत लिहिलेलं नाही.