नमुना तपासणीयोग्य नाही

खडकवणच्या फाट्यावर येवल्याची बस सोडली
तेव्हा डब्यातला बर्फ निम्माच उरला होता.
लशीच्या दोन कुप्या, सुया, गेरूचा खडा,
आणि वनखात्याचं पत्र:
पाणवठ्यालगत चार काळविटं मृत,
नाकास शेंबूड, तोंडास फोड,
सबब परिसरातील मेंढरांची तपासणी व्हावी.

परिसरातील म्हणजे ठकूबाई मारनर.
बाकीचे कळप आठवड्यापूर्वीच घाट उतरले,
हिची घोडी व्यायली म्हणून ही मागं राहिली.

एकशे बारा मेंढरं वाघरात.
मी एकेकीची मान धरली, रक्त घेतलं, टोचलं,
कपाळावर गेरू ओढला.
ठकूबाई पाय आवळून धरत होती,
मधेच म्हणाली,
"मेंढरानं हरणाला दिलं का हरणानं मेंढराला,
तू बघितलं व्हय देताना?"

नव्हतं बघितलं.

वनरक्षक ढोमसेनं खड्डा स्वतः खणला होता,
चुन्यानं त्याची बोटं सोललेली.
पाचवं त्याच्या मांडीवर डोकं टाकून गेलं, म्हणाला,
आणि मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं,
"कुरणात एक मेंढरू दिसलं तर दावणीसकट जप्त करीन."
मेंढरांना दावण नसते, हे त्याला कोण सांगणार.

शाळेच्या पडवीत सभा भरली.
नाशिकहून आलेल्या साहेबांनी भिंतीवर चित्रं दाखवली:
बंदिस्त शेळीपालन, सिमेंटची गव्हाण,
पन्नास टक्के अनुदान.
ठकूबाई मागं उभी होती, चपला हातात.
"चालणं काढून घेतलं, तर ते मेंढरू नव्हं,
लोकरीचं पोतं," एवढंच बोलली.
सोपान गुडघे उठला: हरणं आमचा मका खातात,
भरपाईचे कागद तीन वर्षं फिरतायत,
आता त्यांचा रोग गाईंना लागला तर?
मेंढरं हलवा!
टाळ्या पडल्या. ठराव झाला.

त्याच रात्री सोपानचा पोरगा वाघराशी आला,
बॅटरी विझवून.
उन्हाळ कांद्याचं रान रिकामं आहे,
दोन राती बसवता का कळप,
बाजरी जास्त देऊ,
पण उजाडायच्या आत उठा.

नळ्या अकरा, वर हरणाच्या नाकातला एक बोळा.
माझ्या साहेबांच्या टेबलावर शुक्रवारी पोचल्या.
हरीण वनखात्याचं, रोग पशुसंवर्धनाचा,
मग पुण्याचा कुरिअरखर्च कुणाच्या लेखाशीर्षातून?
पत्र गेलं. पत्र आलं.
मधे दुसरा शनिवार, रविवार, आणि कसलीशी जयंती.
ऑफिसचा फ्रिज दिवाळीपासून बंद.
एकशे ऐंशी रुपये होते खर्चाचे.
माझ्या पर्समध्ये तेव्हा चारशे होते.
हे मी नोंदवहीत लिहिलेलं नाही.

चाळीस दिवसांनी पुण्याहून ओळ आली:
नमुना कुजलेला. तपासणीयोग्य नाही.

तोवर ठकूबाई गेली होती,
शिंगरू घोडीमागं लंगडत, मेंढरं पुढं,
कपाळावरचा गेरू अजून पुरता न पुसलेला.
जप्ती झाली नाही. हरणंही पुढं मेली नाहीत,
किंवा मेली असतील तर ढोमसेनं कळवलं नाही.
परवा तो मला पाणवठ्यावर घेऊन गेला.
वाळल्या चिखलात खुरं उमटलेली,
हे टोकदार हरणाचं, हे बोथट मेंढीचं,
तो काठीनं दाखवत गेला,
आणि एका जागी थांबला.
तिथं इतकी एकावर एक पडली होती
की त्याची काठी नुसतीच टेकली.

सोपानच्या रानात कांदा गर्द उठलाय.
रात्री काळविटं येतात म्हणे पात खायला.

आज संगणकावर अहवाल भरला.
रोगाचा उगम, हा रकाना रिकामा सोडू देत नाही.
यादीत पर्याय होते:
स्थलांतरित कळप. वन्यप्राणी. बाजार.
मी सगळ्यात खालचा दाबला,
इतर.
हिरवी खूण आली,
माहिती यशस्वीरीत्या जतन झाली.